कारवान्याचं ऑपरेशन आणि भावकीच्या तीन बैठका

समस्त भावकी, सोयरे, मित्रमंडळ आणि ज्यांना ज्यांना आमच्या घराची वाट ठाऊक आहे अशा सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरातल्या एका ज्येष्ठ पुरुषाचे अंडकोश ठेवावेत की काढावेत, हा प्रश्न अखेर निकाली निघाला आहे. या प्रश्नावर भावकीची बैठक तीन वेळा भरली. त्यातली एक तर ऐन पेरणीत भरली. आणि बैठकीला आलेल्यांत असे लोक होते, की ज्यांना स्वतःच्या आईच्या मोतीबिंदूसाठी अर्धा दिवस मोकळा करता आला नव्हता.

सदर पुरुष चार पायांचा आहे. जात कारवानी. लांबट तोंड, आत गेलेलं पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या, आणि चालणं असं की पायाखालची जमीन त्याला दाखवायला आणली आहे आणि ती काही त्याच्या पसंतीस उतरलेली नाही. त्या सगळ्या हाडांच्या सापळ्यावर देवाला जे काही मांस द्यायचं होतं ते त्याने एकाच ठिकाणी देऊन टाकलं होतं. मागच्या दोन पायांच्या मधे. समोरून येताना तो तपस्वी वाटायचा. पाठमोरा झाला की गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

सात वर्षं तो माझ्या धाकट्या दिराकडे, आष्टीजवळच्या शेतात, नोकरीला होता. नोकरी म्हणजे जोड लावणे. लांबलांबून लोक आपापल्या कारवानी कुत्र्या जीपमध्ये घालून आणायचे, दोन दिवस ठेवायचे, आणि पुढे पिल्लं झाली की त्यांतलं एक निवडून दिराला आणून द्यायचे. या उद्योगात दिराचं मोठं नाव झालं. कुत्र्याचं काम, दिराचं नाव. दर वर्षी कुत्र्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागायचा. मधोमध कुत्रा, गळ्यात पिवळी साखळी, खाली शुभेच्छुक म्हणून पंधरा जणांचे चेहरे, आणि कोपऱ्यात दीर, पांढऱ्या कपड्यांत, मोबाइल कानाला लावून. त्या सोळा-सतरा चेहऱ्यांत कुत्र्याचा चेहरा सगळ्यांत समजूतदार दिसायचा.

आठव्या वर्षी दिराने नवा, तरणा नर आणला. दोन नर एका दावणीला राहीनात. म्हणून चैत्रातल्या एका सकाळी दीर जुन्याला जीपमध्ये घालून आमच्याकडे आले. आमचं घर नांदूरघाटच्या अलीकडे, शेतातच आहे.

"वहिनी, रिटायर झालाय," ते म्हणाले. "आता बसू द्या त्याला तुमच्या ओसरीला निवांत."

"आणि त्याचं सगळं करायचं कुणी?"

"करायचं काय त्यात? भाकर टाकायची. लई गुनी हाय."

गुणी होताच तो. गुण त्याने तासाभरात दाखवायला सुरुवात केली. आधी ओसरीच्या चारही खांबांवर पाय वर केला. मग ज्वारीच्या पोत्यांवर, मग गॅसच्या रिकाम्या टाकीवर, मग माझ्या नवऱ्याच्या चपलांवर, तेही एकेका चपलेवर वेगवेगळं, कुठलीही वंचित राहू नये म्हणून. तरण्या वयात सवय लागलेली: जिथे जाईल तिथे आपलं नाव लिहून ठेवायचं. पावसात भिजलेल्या गोणपाटात कांदे कुजले तर जो वास येईल, तो आमच्या घराला लागला. मी फिनेल टाकलं. मग फिनेल आणि कांदे असा वास आला.

तेही चाललं असतं. पण तो जिथे बसून उठेल तिथे फरशीवर एक थेंब राहायचा. पिवळसर, हिरवट, घट्ट. सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असतो तसा. पहिल्यांदा मला वाटलं वरण सांडलं, आणि मी बोटाने पुसलं. यापुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्या दिवशी मी हाताला आधी साबण, मग राख, मग लिंबू, मग पुन्हा साबण लावला आणि जेवताना चमचा घेतला. नवऱ्याला सांगितलं तर तो खुशीत म्हणाला, "नर हाय. चालायचंच." जणू काही घरात दागिना सांडत होता.

गादीची वळकटी, सरकीच्या पेंडीचं पोतं, शिलाई मशीनचा पाय, जे उभं दिसेल त्याला तो पुढचे दोन पाय घालून मिठी मारायचा आणि डोळे मिटून कामाला लागायचा. माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा त्याने नेमका मुलाच्या बापाचा पाय धरला. गृहस्थ पोहे खात होते. खाली नजर गेली, पण गृहस्थ इतके रीतीभातीचे की त्यांनी कपाळावर आठी आणली नाही. बशी छातीपर्यंत उचलली आणि मुलीला विचारलं, "बारावीला विषय कोणते होते?" मुलीने विषय सांगितले. खाली धक्के चालू होते. "छान, छान," म्हणताना त्यांचा आवाज हिसके देत होता. आमच्याकडचे पुरुष छताकडे बघत होते. पाहुणे उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्याखाली ओलं वर्तुळ होतं. ते सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं. लग्न जमलं. माझा नवरा आजही ते श्रेय कुत्र्याला देतो.

पण खरी किळस मला कुत्र्याची कधी आली नाही. किळस आली ती त्याला बघायला येणाऱ्यांची.

एवढा नावाजलेला नर आमच्याकडे आलाय म्हटल्यावर आसपासचे दर्दी यायला लागले. त्यांची बघण्याची एक पद्धत आहे. ओसरीवर बसायचं, कुत्र्याला जवळ बोलवायचं, पाठीवरून हात फिरवत फिरवत मागे न्यायचा, शेपूट उचलायची, आणि मग भाजीवाल्याकडे वांगी घेतो तसं तळहातावर झेलून वजन बघायचं. एकदा डावं, एकदा उजवं. मान हलवायची. पुढच्याला सांगायचं, "बग, तू पन बग." मग पुढचा बघायचा. कुत्रा बिचारा दूर कुठेतरी नजर लावून उभा. आणि हे झालं की तोच हात, न धुता, मी ठेवलेल्या ताटलीतल्या बिस्किटांकडे. ते बिस्कीट चहात बुडवायचं. बुडवलेली बोटं चाटायची. मी दारातून बघत असायची. दोन-तीनदा मी मुद्दाम विचारलं, "हात धुवायला पाणी देऊ?" तर म्हणाले, "कशाला वहिनी, काय घान थोडीच हाय?" त्यानंतर मी ताटलीतलं उरलेलं एकही बिस्कीट परत डब्यात घातलं नाही. कुत्र्यालाच घातलं. शेवटी त्याचंच होतं.

वैशाखात त्याच्या लघवीत रक्त दिसलं.

आधी गुलाबी, मग लाल. पाय वर करून तो उभा राहायचा आणि थेंबथेंब गळायचं. परसाकडेला बसला की कुंथायचा, थरथरायचा, आणि जे निघायचं ते फितीसारखं चपटं. आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं बारकाईने बघायचं काय कारण. पण मी झाडत होते, मला दिसणारच. आणि खरं सांगायचं तर तोवर मी त्याच्यात गुंतले होते. दुपारी मी भाजी निवडत बसले की तो ते लांबट तोंड माझ्या पावलावर ठेवून झोपायचा. इतकी वर्षं त्याला कुणी काही मागितलं असेल तर एकच गोष्ट. मी काहीच मागत नव्हते, म्हणून त्याला बरं वाटत असावं.

"डॉक्टरला दाखवू," मी नवऱ्याला म्हणाले.

"उष्णता हाय," नवरा म्हणाला, आणि पहिली बैठक बोलावली.

पहिल्या बैठकीत माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ पुढे सरसावले. हे तरुणपणी तालमीत होते आणि साठीत आले तरी बसताना मांड्या दिसतील असे बसतात. त्यांचं म्हणणं, नराला उष्णता चढली की असं होतं, आणि त्यावर कापूर. तालमीत त्यांचे वस्ताद पोरांच्या उशाला कापूर ठेवायला लावायचे, मन भलतीकडे जाऊ नये म्हणून.

"उशाला ठेवायचे की खायला घालायचे?" मी विचारलं.

"उशाला ठेवून एवढा फरक पडतोय तर पोटात गेल्यावर किती पडंल," चुलत दीर म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. माझ्या देवघरातला डबा नवऱ्याने स्वतः आणला. गुळात घालून चांगल्या चार वड्या कुत्र्याला चारल्या. कुत्र्याने गूळ म्हणून विश्वासाने खाल्लं.

अर्ध्या तासात तो लटपटायला लागला. तोंडातून फेस आला, मग ओकारी. पहिली ओसरीवर, दुसरी उंबऱ्यावर, तिसरी मी उन्हात घातलेल्या गोधडीवर. आंबलेली भाकर, पिवळं पित्त, आणि त्यातून आरतीचा वास. त्या दिवसापासून कापूर लावलेली आरती आली की मी लांबूनच हात जोडते. देव मला क्षमा करो, आणि चुलत दिरांना न करो. बैठक तोवर पांगली होती. प्रत्येकाला काहीतरी काम आठवलं होतं.

राहिलो आम्ही दोघी. मी, आणि आमच्याकडे भांड्याला येणारी बाई. तिशीची असेल. दिवाळी ते उन्हाळा नवऱ्याबरोबर टोळीत ऊस तोडायला जाते आणि उरलेले महिने आमच्याकडे भांडी, धुणं आणि रानातलं खुरपणं करते. कमी बोलते. मला काकू म्हणते. तिने कुत्र्याचं डोकं मांडीत घेतलं, जबडा दोन बोटांनी उघडा धरला आणि मी पाणी ओतलं. तिच्या लुगड्यावर चौथी ओकारी झाली.

"आगं, बाजूला धर की त्याला," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या काकू. धुता येतंय," ती म्हणाली.

कुत्रा वाचला. रक्त थांबलं नाही.

दुसरी बैठक पेरणीत भरली. पाऊस पडून गेला होता, ट्रॅक्टर दारात उभा होता, आणि दीर आष्टीहून खास आले होते. त्यांनी कापूरवाल्यांना मोडीत काढलं.

"थंड कावून करायलाय तुमी त्याला?" ते म्हणाले. "सात वर्षं चालू मशीन. एकदम बंद केली. साचलंय आतमदी. साचलेलं भाईर काढाय पायजे."

"आन ते कसं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"एक जोड लावायची. मोकळा व्हतो का न्हाई बग."

"आरं, रिटायर केलायस ना त्याला?"

"औषध म्हनून लावायलोय बे, हौस म्हनून न्हाई."

मी आडवी पडले असते, पण माझं ऐकतो कोण. दुसऱ्याच दिवशी तेलगावहून एक ऊसवाले बागायतदार आपली पांढरी कारवानी कुत्री घेऊन आले. ती माजावर होती. बिचारीला औषध म्हणून आणलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात सतरंजी टाकली, खुर्च्या मांडल्या, आणि दहा-बारा बाप्ये गोल करून बसले. दोघांनी मोबाइल वर धरले. लहानपणी मी तमाशाच्या कनातीबाहेरून आतल्या पुरुषांचे चेहरे एकदा पाहिले होते. ते याहून सभ्य होते.

कुत्रा तिच्याकडे गेला. हुंगलं. मग मागे वळून त्याने माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. नवरा म्हणतो ट्रॅक्टरकडे पाहिलं. दिराने त्याला कमरेला धरून वर चढवलं. चुलत दिरांनी कुत्रीचं तोंड धरलं. चार माणसांचे आठ हात त्या दोन मुक्या जनावरांवर होते, आणि तोंडं तर विचारूच नका. "हां हां," "आस्सं," "धर, धर, सोडू नको." कुणी कुणाला सांगत होतं देव जाणे. आणि मग कुत्रा ओरडला. तसा आवाज मी कुत्र्याचा कधी ऐकला नव्हता. तो खाली आला तो सरळ कुशीवर पडला, आणि सतरंजीवर रक्त पसरलं. काळपट, गाठीगाठीचं, दहीकाल्यासारखं. कुत्री अंग चोरून खुर्चीखाली गेली.

मोबाइल खाली आले.

मग दीर म्हणाले, "निघालं बगा. साचलेलं निघालं."

त्या वाक्यानंतर मी ट्रॅक्टरवाल्याला पेरणी सोडायला लावली. कुत्रा त्याच सतरंजीत गुंडाळला, ट्रॉलीत घातला, भांडीवालीला सोबत घेतलं आणि तालुक्याला निघाले. नवरा मागून ओरडत होता की सतरंजी गणपती मंडळाची आहे.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण पोरगी होती. तिने हातमोजा चढवला, बोटाला काहीतरी लावलं आणि कुत्र्याच्या मागून आत घातलं. ट्रॅक्टरवाला बाहेर जाऊन उभा राहिला. पोरीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, हिला आमच्या घरी चार दिवस आणून ठेवावं.

"प्रोस्टेट म्हणून एक गाठ असते, काकू," ती हात धूत म्हणाली. साबणाने, दोनदा, मी मोजलं. "नरांनाच असते. वय झालं आणि अंडकोश तसेच राहिले की फुगते. पुढून लघवीची वाट दाबते, मागून शौचाची. म्हणून चपटं होतंय. अंडकोश काढले की ती आपोआप आकसते. महिना लागेल."

"आणि नाही काढले तर?"

"तर एखाद्या दिवशी लघवी पूर्ण अडेल. मग तो तडफडून जाईल. तुमच्याकडे फार दिवस नाहीत." मग तिने विचारलं, "हे आज कशाने झालं?"

मी सांगितलं. "औषध म्हणून?" तिने विचारलं.

"औषध म्हणून."

तिने रक्त थांबायचं आणि जंतू मारायचं औषध टोचलं आणि गुरुवार दिला. पण कुत्र्याच्या जातीचा जो कागद असतो तो दिराच्या नावावर होता, आणि सही मालकाचीच हवी होती. पूर्वी एकाचा कुत्रा भावाने आणला आणि नंतर दोघं भाऊ तिच्या टेबलाशी हमरीतुमरीवर आले, तेव्हापासून ती सहीशिवाय सुरी उचलत नव्हती. तिने मला छापील फॉर्म दिला. मी तो ब्लाउजमध्ये ठेवला. परत येताना ट्रॉलीत कुत्रा मधे, आणि दोन बाजूंना आम्ही दोघी. तिघांच्याही अंगाला सारखाच वास येत होता.

सहीसाठी तिसरी बैठक. मंगळवारी दुपारी.

आता शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. सही झाली. गुरुवारी ऑपरेशन झालं. पंधरा मिनिटं लागली. शुद्धीवर आल्यावर तो थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसला आणि मग बिस्कीट मागायला आला. महिन्याभरात रक्त थांबलं, धार लागली, फितीचा आकार गेला. फरशीवरचा तो थेंब गेला. खांबांवर पाय तो अजूनही वर करतो, पण आता त्यात आग्रह नाही, नुसती आठवण आहे. भुंकतो. रानडुकरामागे बांधापर्यंत धावतो आणि कुणी पाहत नाही हे बघून परत येतो. दर्दी मंडळी येत नाहीत. बिस्किटांचा पुडा आठवडाभर पुरतो. माझा नवरा मात्र अजूनही कुत्र्याच्या मागच्या बाजूला नजर जाऊ नये म्हणून त्याला समोरूनच हाक मारतो.

राहिली ती बैठक.

दीर, नवरा, चुलत दीर आणि आणखी तिघं-चौघं ओसरीवर होते. कुत्रा माझ्या पायाशी पडला होता, खाली जुनं धोतर घातलेलं, त्यावर लाल डाग. मी फॉर्म आणि पेन मधोमध ठेवला होता. तासभर त्याला कुणी शिवलं नव्हतं. सापाकडे बघावं तसे सगळे त्या पेनाकडे बघत होते.

"खच्ची केलेलं कुत्रं भुंकत न्हाई म्हनं," चुलत दीर म्हणाले.

"आत्ता कुठे भुंकतोय तो," मी म्हणाले. "कण्हतोय."

"खंडोबाचं जनावर हाय वहिनी. त्याला सुरी लावायची म्हंजी..."

"कापूर लावला तेव्हा खंडोबाला विचारलं होतं का?"

"तुमी आमाला बोलू देनार का न्हाई?"

"बोला की. लघवी अडेपर्यंत बोला."

नवरा मधे पडला. "तुझ्या वहिनीला वास येतोय बे," तो दिराला म्हणाला, "बाकी काय न्हाई."

"तुमच्या दावणीला दोन बैल आहेत," मी दिरांना म्हणाले. "त्यांना खच्ची करायला डॉक्टरचा चिमटा लावला तेव्हा कोणती बैठक भरली होती? तुम्ही तर तंबाखू मळत शेजारी उभे होतात."

"आवं, ते बैल हायेत."

"चिमट्याच्या आधी काय होते?"

यावर एक गंमत झाली, जी मी तुम्हाला करून दाखवू शकले असते तर बरं झालं असतं: चिमटा म्हणताच ओसरीवरच्या सगळ्या पुरुषांनी एकाच वेळी पायावर पाय टाकले. कवायतीत टाकतात तसे. चुलत दिरांच्या मांड्या पहिल्यांदाच झाकल्या गेल्या.

दिरांनी पेन उचललं. मला वाटलं झालं. पण त्यांचे डोळे भरून आले होते. खरंच आले होते, मी चेष्टा करत नाही. "सात वर्षं," ते म्हणाले. "वहिनी, ह्यानं माझं नाव केलं. पार परळीपासून लोक यायचे. आन आता मी सही करून त्याचं... सकाळी उठंल, मागं वळून बगंल, आन न्हाईच. काय वाटंल त्याला? इचार करा की. त्याला इचारता येत न्हाई म्हनून आपन कायबी करायचं का?"

नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुणीतरी उसासा टाकला. "नराचं नरपन गेल्यावर ऱ्हातं काय," चुलत दीर म्हणाले. "शरीराचा भाग हाय तो. देवानं दिलेला. एवढ्यातेवढ्यासाठी काढून टाकायचा म्हंजी काय चेष्टा हाय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि दिरांनी पेन खाली ठेवलं.

भांडीवाली तेव्हा रिकामे कप गोळा करत होती. ट्रे एका हातात, दुसऱ्या हाताने ती दिरांच्या पुढ्यातला कप उचलायला वाकली होती. ती वाकली तशीच थांबली. पुढे जे ती बोलली ते ऐकून दिरांनी कुणाकडेही न बघता सही केली, दोन ठिकाणी, एक जास्तीची, आणि चप्पल नीट न घालताच ते जीपकडे गेले. त्या बोलण्यात दिरांचं काही नव्हतं. माझं होतं. म्हणून मी ते बदलत नाही, सावरत नाही, ती बोलली तसं लिहिते. आवाजही तिने चढवला नव्हता. कप मोजताना बोलावं तशी बोलली:

"माझी पिशवी काढली दादा, तवा मुकादम म्हनला, टोळी निघायच्या आत टाके सुकतील का, आन काकू म्हनल्या, मंग भांडी कोन घासंल. माझी बैठक तेवढीच झालती."